आरसा झाकणारी माणसे

आपल्याकडे साहित्याविषयी बोलायला कोणीही उभे राहिले, की पहिल्या पाच मिनिटांत आरसा येतो. 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य शाळेच्या निबंधात येते, वाचनालयाच्या वार्षिक समारंभात येते, आणि अध्यक्षीय भाषणात ते न आल्यास श्रोत्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते. वाक्य इतके हाताळले गेले आहे, की आता त्याचा पारा उडाला आहे. त्यात कोणाचे तोंड दिसत नाही. ते खरे की खोटे हा वाद मला येथे घालायचा नाही. मला पडलेला प्रश्न अगदी साधा आहे. हा आरसा कसला? वक्त्याच्या मनातला आरसा फार गरीब स्वभावाचा असतो. समोर येईल ते तो दाखवतो, पदरची काही भर घालीत नाही, आणि समोरचे निघून गेले की तत्काळ विसरतो. असा आज्ञाधारक आरसा कोणत्या देशातल्या लोकांच्या घरी टांगलेला होता, याचा मी थोडाफार शोध केला. लोककथांतून आणि लोकसमजुतींतून तर तो मला कोठेही भेटलेला नाही.

ज्या माणसांनी आरसा रोज वापरला, त्यांनी त्याच्यावर असा विश्वास कधी टाकलाच नाही. आपलीच घरे पाहा ना. तान्ह्या मुलाला आरसा दाखवू नये, रात्री आरशात पाहू नये, तडा गेलेला आरसा घरात ठेवू नये, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. का, असे विचारले तर 'बरे नसते' यापलीकडे उत्तर मिळत नाही. आणि पुन्हा विचारले तर उत्तर देणारी आजी आपल्याकडेच अशा नजरेने पाहते, की आरसा पत्करला! मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाला जे नियम घालून दिले आहेत, त्यांत पाण्यात स्वतःचे रूप पाहू नये असाही एक आहे. मनूनेही कारण दिलेले नाही. या बाबतीत मनू आणि आजी यांचे एकमत आहे.

कारण दिले ते जेम्स फ्रेझरने. त्याच्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९०ची. पुढे तो वाढत वाढत बारा खंडांचा झाला, आणि जगातल्या झाडून साऱ्या समजुतींचे ते एक प्रचंड कोठार बनले. फ्रेझर म्हणतो, की आदिम माणसाला आपले प्रतिबिंब हा आपला आत्माच वाटतो. झुलू लोक काळ्याशार डोहात डोकावत नाहीत, कारण आत बसलेला प्राणी प्रतिबिंब ओढून नेईल. बासुतो लोकांच्या मते मगर माणसाचे प्रतिबिंब पाण्याखाली खेचून त्याचा जीव घेते. घरात मृत्यू झाला की युरोपात ठिकठिकाणी आरसे झाकतात किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवतात, त्याचेही कारण हेच. प्रतिबिंबाच्या रूपाने शरीराबाहेर आलेला जिवंत माणसाचा आत्मा तो मृतात्मा बरोबर घेऊन जाईल, ही भीती. फ्रेझरच्या या यादीत आपली मुंबईही आहे. मुंबईतले सुन्नी मुसलमान मरणासन्न माणसाच्या खोलीतला आरसा कापडाने झाकतात आणि प्रेत दफनासाठी बाहेर नेईपर्यंत ते कापड काढीत नाहीत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

फ्रेझर वाचताना मन थक्क होते, आणि पुस्तक मिटल्यावर थोडे अस्वस्थही होते. एकच किल्ली सगळ्या कुलुपांना लागते म्हटल्यावर कुलुपांविषयीच शंका येऊ लागते. ज्यू लोकांचेच उदाहरण घ्या. त्यांच्यातही सुतकाचे सात दिवस घरातले आरसे झाकलेले असतात. परंतु त्यांना कारण विचारले तर ते अगदी निराळे काही सांगतात. कोणी म्हणतो, त्या दिवसांत प्रार्थना घरीच होते, आणि प्रतिमेसमोर प्रार्थना करणे आम्हांला वर्ज्य आहे. कोणी म्हणतो, शोक करणाऱ्याला आपण कसे दिसतो याच्या काळजीतून सात दिवस तरी सुटका मिळावी. हे दुसरे कारण मला फार सुंदर वाटते. रडून सुजलेले डोळे पाहायला लागू नयेत, केस विंचरलेले नाहीत याची लाज वाटू नये, म्हणून घराने स्वतःच आरशावर पडदा ओढायचा! फ्रेझरच्या अनुयायांचे यावर उत्तर ठरलेले आहे: ही सगळी मागाहून जोडलेली कारणे, मूळ भीती आत्म्याचीच. असेलही. परंतु कृती करणाऱ्या माणसाला आपल्या कृतीचे कारण ठाऊकच नाही असे गृहीत धरल्याशिवाय जे स्पष्टीकरण उभेच राहत नाही, ते मी जरा लांबूनच नमस्कार करून सोडून देतो.

आणखी एका झाकलेल्या आरशाचे काय करायचे? आपल्याकडे घराघरांतून फणेरी पेटी असे. लाकडाची, आत फणी-करंडा आणि मेण ठेवायला कप्पे, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला बसवलेला आरसा. झाकण उघडून उभे करायचे, कपाळावर मेण टेकवायचे, त्यावर कुंकू रेखायचे, झाकण मिटायचे. आरशाची गाठ दिवसातून एवढीच. नवरा गेला, की ज्या घरांतून विधवेचे कुंकू पुसले जाई त्या घरांतून तिच्या हातची ही पेटी जाई, आणि पेटीबरोबर तिच्या झाकणातला आरसाही जाई. त्यावर कापड टाकायची गरज नव्हती, झाकण होतेच. येथे कोणाचा आत्मा कोण पळवणार होते? प्रश्न आत्म्याचा नव्हता, चेहऱ्याचा होता. आपला चेहरा पाहण्याचा अधिकार कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे समाजाने ठरवलेले होते. फ्रेझरच्या बारा खंडांतली किल्ली या पेटीला लागत नाही.

फुटलेल्या आरशाची कथा त्या मानाने गमतीची आहे. आरसा फुटला की सात वर्षे दुर्दैव पाठीस लागते, ही समजूत इंग्रजांबरोबर जगभर पसरली. रोमन लोक माणसाचे शरीर दर सात वर्षांनी नवे होते असे मानीत, म्हणून हा हिशेब, असे स्पष्टीकरण लोकप्रिय पुस्तकांतून सर्रास दिलेले असते. मला ते पटत नाही. रोमन लोकांचे बहुतेक आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे होते, काशाचे आणि चांदीचे. ते हातातून पडले तर पोचा येईल; खळ्ळकन फुटणार कसे? काचेचे लहानसे आरसे त्यांच्याकडे होते, पण रोजच्या वापरातला आरसा तो नव्हे. फुटका आरसा अशुभ, ही गोष्ट इंग्लंडात लेखी सापडू लागते ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि सात वर्षांचा हिशेब त्याहूनही मागाहून येतो. मधल्या काळात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर काचेला कथिल आणि पाऱ्याचा लेप देऊन आरसे करू लागले होते, आणि ते इतके महाग होते, की फ्रान्सच्या कोलबेर या मंत्र्याने तिथले कारागीर फोडून आणले आणि १६६५ साली राजाश्रयाने काचेचा कारखाना काढला. असा आरसा पुसण्याचे काम ज्या मोलकरणीकडे होते, तिला तो फुटल्यावर काय वाटले असेल याची कल्पना करायला आत्मा लागत नाही, पगार पुरतो. या समजुतीचा निम्मा भाग मालकिणींनी मोलकरणींसाठी रचला असावा असा मला संशय आहे. जर्मनीच्या लीबिगने १८३५ साली काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती काढली आणि पुढे आरसा गरिबाच्या घरात आला; धास्ती मात्र महागाईच्या दिवसांतलीच राहिली.

आणि रात्रीचा आरसा? त्याबद्दल तर आजीची बाजू घ्यायलाच हवी. जिओव्हानी कापुतो या इटालियन मानसशास्त्रज्ञाने २०१०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने पन्नास माणसांना मंद उजेडात आरशासमोर बसवले आणि दहा मिनिटे स्वतःच्या चेहऱ्याकडे एकटक पाहायला सांगितले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसांना आपला चेहरा भयंकर विद्रूप होताना दिसला. कित्येकांना अनोळखी माणसे दिसली, काहींना राक्षसी आकृती दिसल्या. डोळे आणि मेंदू यांच्या थकव्यातून हे घडते. म्हणजे रात्री आरशात कोणी दुसरेच दिसते, ही थाप नव्हती. ते खरोखरच दिसते. चिमणीच्या उजेडात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना ते प्रयोगाशिवाय ठाऊक होते.

तथापि समजूत ही नुसती आज्ञा असते. 'पाहू नये' एवढेच ती सांगते. पाहिले तर काय होते, हे विचारायचे असेल तर गोष्टींकडे जावे लागते; आणि आरशाच्या ज्या गोष्टी मला जगभर सापडल्या, त्यांतल्या तीन मला साहित्याच्या दृष्टीने फार मोलाच्या वाटतात.

पहिली चीनमधली. तिथे आरसा हे शस्त्र आहे. चौथ्या शतकातला को हुंग नावाचा ताओपंथी ग्रंथकार डोंगरात तपाला जाणाऱ्यांना बजावतो, की नऊ तसूंहून मोठा आरसा पाठीवर बांधल्याशिवाय जाऊ नका. फार वर्षे जगलेले प्राणी माणसाचे रूप घेऊन भुलवायला येतात, पण आरशात त्यांचे खरे रूप दिसते. या समजुतीवर तांग काळाच्या आरंभीची एक कथा आहे, वांग तू याच्या नावावर असलेली, 'प्राचीन आरसा' नावाची. वांग तूजवळ असा एक दैवी आरसा असतो. प्रवासात तो एका गृहस्थाकडे उतरतो. त्या घरी एक सुंदर दासी नुकतीच आलेली असते. वांग तू कपडे नीट करण्यासाठी आरसा बाहेर काढतो, ती दासी तो लांबून पाहते आणि जमिनीवर डोके आपटू लागते. ती हजार वर्षांची कोल्हीण असते. वांग तू विचारतो, 'तू माणसांचे काही वाईट केलेस का?' ती म्हणते, माणसाचे रूप घेऊन मी त्यांची सेवाच केली. वांग तूला तिला सोडून द्यावेसे वाटते. पण आरशाचा प्रकाश एकदा अंगावर पडल्यावर सुटका नाही, हे तीच त्याला सांगते. तिचे मागणे एवढेच, की इतकी वर्षे माणूस होऊन राहिले, आता जुन्या देहात परतायची लाज वाटते. तो आरसा पेटीत घाला आणि मला पोटभर मद्य पिऊ द्या. वांग तू म्हणतो, आरसा पेटीत घातला की तू पळून जाशील. ती हसते. मग शेजारीपाजारी बोलावले जातात, मद्य येते, ती गाते, नाचते, सर्वांना नमस्कार करते, कोल्हीण होते आणि मरते. जमलेले सारे हळहळतात.

या कथेत आरसा खोटे बोलत नाही. तो अगदी खरे सांगतो, आणि तरीही आपली सारी सहानुभूती आरसा पेटीत घालणाऱ्याकडे जाते. सत्य दाखवले की आपोआप भले होते, असे आपल्या व्यासपीठावरच्या आरशाचे तत्त्वज्ञान आहे. ज्या अज्ञात लोकांनी आणि ज्या लेखकाने ही कोल्हीण कल्पिली, त्यांना सत्य आणि न्याय या दोन वस्तू निराळ्या आहेत हे तेरा-चौदा शतकांपूर्वी कळलेले होते.

दुसरी कथा जपानची. लाफ्काडिओ हर्न याने आपल्या 'क्वाइदान' या १९०४च्या पुस्तकात ती सांगितली आहे. तोतोमी प्रांतातल्या मुगेनयामाच्या मंदिरासाठी मोठी घंटा ओतायची होती. भिक्षूंनी गावोगावच्या बायकांकडे काशाचे जुने आरसे मागितले. एका शेतकऱ्याच्या तरुण बायकोने आपला आरसा दिला. तो तिच्या आईचा, त्याआधी आजीचा. त्याच्या पाठीवर पाइन, बांबू आणि प्लम यांची नक्षी. देऊन आली आणि तिला हुरहूर लागली. त्या आरशात आईचे, आजीचे हसू उमटलेले होते असे तिला आठवू लागले. पैसे देऊन तो परत घ्यावा, तर पैसे कुठले! मंदिरात जाई तेव्हा कुंपणाआडच्या शेकडो आरशांच्या ढिगात तिला तो दिसे. पाठीवरच्या नक्षीवरून ती तो ओळखी. मग ओतकाम सुरू झाले, आणि एक आरसा काही केल्या वितळेना. देणारीचे मन त्यात अडकले होते, म्हणून धातू कठीण झाला होता. तो कोणाचा हे लवकरच सर्वांना कळले. ती बिचारी लाजेने जीव देते, आणि जाताना लिहून ठेवते, की मी मेल्यावर आरसा वितळेल. पण जो कोणी ही घंटा वाजवून वाजवून फोडील त्याला माझा आत्मा अपार धन देईल. मग काय, लोक धनाच्या लोभाने रात्रंदिवस घंटा बडवू लागले. शेवटी भिक्षूंनी कंटाळून ती टेकडीवरून दलदलीत ढकलून दिली.

कथेचा हा शेवट थोडा विनोदी आहे, आणि असला उपहास लोककथेलाच साधतो. परंतु माझे मन रेंगाळते ते ढिगातला आरसा ओळखणाऱ्या त्या बाईपाशी. तिचा आरसा विसरणारा नव्हता. समोरून गेलेले प्रत्येक तोंड त्याने ठेवून घेतले होते. आपल्याकडे आईची पेटी लेकीकडे येते, तिच्या झाकणातला आरसा डागाळलेला असतो, पारा ठिकठिकाणी उडालेला असतो, आणि तरी तो बदलून घ्यावा असे कोणाच्या मनात येत नाही. ते कशामुळे हे या कथेवरून कळते.

ग्रिम बंधूंच्या हिमगौरीतला बोलका आरसा सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्याच्यावर मी फार वेळ घालवीत नाही. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत आरशासमोर उभी राहून पोटच्या मुलीचा मत्सर करणारी ती राणी हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिची सावत्र आई केली. म्हणजे आरसा झाकण्याचे काम सुतकी घरातच होते असे नाही. संपादकही ते करतात.

तिसरी कथा लोककथा नव्हे, पण तिच्या मुळाशी लोकसमजूत आहे. रशियात नाताळनंतरच्या दिवसांत मुली दोन आरसे समोरासमोर मांडून, मेणबत्त्या लावून, आरशाच्या आत दिसणाऱ्या लांबच लांब बोळकांडीत आपला भावी नवरा दिसतो का हे पाहत. तॉलस्तॉयच्या 'युद्ध आणि शांती'मध्ये नताशा आणि सोन्या हा प्रयोग करतात. नताशाला काही दिसत नाही. मग सोन्या बसते. तिलाही काही दिसत नाही. ती कंटाळून उठणारच असते, इतक्यात तिच्या तोंडून एक उद्गार निघून जातो आणि ती डोळे झाकून घेते. 'दिसला का तो?' नताशा अधीर होऊन विचारते. सोन्याला तिची निराशा करवत नाही. ती सांगून टाकते, की हो, प्रिन्स आंद्रे दिसला, पडलेला होता. पुढे युद्ध येते, आंद्रे जखमी होतो आणि नताशाच्याच कुटुंबाबरोबर वाटेत असतो. तेव्हा सोन्याला ती रात्र आठवते. ती आता पूर्वी न सांगितलेले तपशीलही सांगते. अंगावर गुलाबी पांघरूण होते हेसुद्धा सांगते. आणि या वेळी ती खोटे बोलत नसते. तिला ते खरोखर आठवत असते. नताशालाही ते आठवू लागते.

तॉलस्तॉयने येथे जे केले आहे त्याला तोड नाही. आरशात काहीच नव्हते. सोन्याने एका मैत्रिणीच्या प्रेमापोटी तिथे एक माणूस ठेवला, आणि आयुष्य मागून येऊन त्या जागी बरोबर बसले. एखादा सामान्य लेखक असता तर त्याने आरशात खरोखरच आंद्रे दाखवला असता आणि वाचकाच्या अंगावर काटा आणला असता. किंवा ही सारी मूर्ख समजूत आहे असे सिद्ध करून वाचकाला शहाणे केले असते. तॉलस्तॉय दोन्ही करीत नाही. समजूत माणसात कशी रुजते, हे तो दाखवतो आणि पुढे चालू लागतो. समजुतींवर मी जेवढे वाचले त्यात याच्याइतके मला कोणी सांगितलेले नाही, फ्रेझरने तर नाहीच.

जाता जाता आणखी एक. पिशाच्चाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही, हा समज फार पुरातन आहे असे आपल्याला वाटते. त्याचा खरा प्रसार झाला तो ब्रॅम स्टोकरच्या १८९७मधल्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीमुळे. हार्करच्या दाढीच्या आरशात काउंट दिसत नाही आणि काउंट तो आरसा खिडकीबाहेर भिरकावून देतो, तेथपासून. म्हणजे येथे समाजानेच साहित्याच्या आरशात पाहून आपली समजूत बेतून घेतली!

आता मूळ वाक्याकडे. साहित्याला किंवा कलेला आरशाची उपमा प्लेटोने दिली तेव्हा ती शिवी होती, हे आपल्या वक्त्यांना ठाऊक नसावे. 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात तो म्हणतो, की सृष्टी निर्माण करण्यात काय अवघड आहे. आरसा हातात घेऊन चहूकडे फिरा, सूर्य, पृथ्वी, झाडे, प्राणी सगळे तयार! चित्रकाराचे काम त्याला एवढ्याच किमतीचे वाटत होते. पुढे स्तांदालने १८३०च्या आपल्या कादंबरीत कादंबरीला रस्त्याने फिरवलेल्या आरशाचे रूपक वापरले, आणि चिखल दिसला तर आरशाला दोष देऊ नका असे सुचवले. त्यालाही ते ढालीसारखे हवे होते, टीकाकारांपासून बचावासाठी. या दोघांच्या मधला टवाळीचा आणि भांडणाचा भाग गळून गेला आणि आपल्या हाती उरले ते सुभाषित.

खरे तर आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नव्हते. 'आरसा' हा शब्दच संस्कृत 'आदर्श' या शब्दापासून आला आहे. एकाच शब्दाची ही दोन लेकरे. एक फणेरी पेटीत राहिले, दुसरे शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या पाट्यांवर जाऊन बसले. दंडीने आपल्या अलंकारग्रंथाला 'काव्यादर्श' असे नाव दिले, आणि आरंभीच त्याने आरशाविषयी एक विलक्षण गोष्ट सांगून ठेवली आहे. प्राचीन राजांच्या कीर्तीचे प्रतिबिंब वाङ्मयाच्या आरशात पडले, आणि ते राजे आता समोर नसतानाही ते नाहीसे होत नाही, असे तो म्हणतो. नीट पाहा: समोरचे निघून गेले तरी प्रतिबिंब राहिले आहे! हा आरसा वक्त्यांचा नव्हे. हा मुगेनयामाच्या त्या बाईचा आरसा आहे. आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने तर उपमेची जागाच बदलली. त्याच्या मते आरसा आहे तो सहृदय वाचकाचे मन. काव्याच्या सततच्या अभ्यासाने तो आरसा स्वच्छ होतो आणि मग त्यात वर्ण्य विषय उमटतो. म्हणजे पुसायचे काम आपले, लेखकाचे नव्हे. एम. एच. एब्रॅम्स या अमेरिकन समीक्षकाने १९५३मध्ये 'आरसा आणि दिवा' अशा अर्थाच्या नावाचा एक प्रसिद्ध ग्रंथ लिहून दाखवले, की युरोपातल्या रोमँटिक काळात काव्याची उपमा आरशावरून दिव्याकडे वळली. दिवाळी अंकात दिव्याची बाजू घ्यावी हे शिष्टाचाराला धरून होईल; पण आपल्या परंपरेतला आरसा इतका समर्थ आहे, की मला त्याला सोडून जाववत नाही.

हा सगळा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. साध्या, विसरभोळ्या आरशाच्या कल्पनेने आपल्या समीक्षेचे फार नुकसान केले आहे. कादंबरी आली की परीक्षणकार विचारतो, 'हे असे घडते का? आजच्या समाजाचे हे चित्र आहे का?' आणि दोहोंचा मेळ बसला की पावती फाडतो. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीचे तर असे गौरव करून करून आपण मातेरे केले आहे. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून ती क्रमशः आली. एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा समाजाचा ती आरसा आहे, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते आणि पुढच्या धड्याकडे वळते. तो समाज तर गेला. त्याची रूढी गेली, सोवळे गेले, केशवपन गेले. समाज गेल्यावर त्याचा आरसा नुसती भिंतीवरची काच होऊन राहायला हवा होता. तसे झालेले नाही, ते का?

हरिभाऊ त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते. सव्वीस वर्षांचा एक पुरुष लिहायला बसतो आणि आतून त्याच्याकडे यमूचा चेहरा पाहू लागतो. 'मी' म्हणून बोलते ती यमू. कोणता समाजाचा आरसा असले प्रतिबिंब दाखवील? ज्या बाईच्या हातून फणेरी पेटी काढून घेतली गेली, जिने आपला चेहरा पाहायचा नाही असे सर्वांनी मिळून ठरवले, तिला हरिभाऊंनी आरसा दिला, आणि तो वितळला नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या घरातल्या एका महाविद्यालयीन मुलीला ही कादंबरी अभ्यासाला होती. केशवपनाच्या प्रसंगापाशी ती थांबली आणि पुस्तक उघडे तसेच टेबलावर पालथे घालून खोलीबाहेर आली. तिच्या आईने ते मिटून कपाटात ठेवायला घेतले, तर म्हणाली, 'आई, राहू दे तसेच.' दोन दिवस ते तसेच पालथे पडलेले होते. तिसऱ्या दिवशी तिने ते सरळ केले आणि पुढे वाचायला लागली.